मेणाचं मूल

“बाई, एक विचारू? कुणी बाप्तिस्मा मागितला तर नाही म्हणता येतं का?”

जुलैचा दुसरा आठवडा, रात्रीचे साडेदहा. परळच्या फुटपाथवरून त्याचा फोन आला होता आणि मागून पाऊस, बसचा हॉर्न, कुणाचा तरी खोकला ऐकू येत होता. तरुण सेवकांच्या कामावर देखरेख करायला लागल्यापासून मी नाना तऱ्हेच्या तक्रारी ऐकल्या आहेत. त्यातली नेहमीची रड म्हणजे कुणी ऐकूनच घेत नाही. हा उलटा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवते आहे. नावं दिलेली नाहीत. ज्यांची गोष्ट आहे त्यांनी लिहायला हो म्हटलंय, तरी ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी बदलल्या आहेत.

मुलगा तेवीस वर्षांचा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातला, तिसऱ्या पिढीतला ख्रिस्ती. घरी दोन एकर कोरडवाहू, वडील शाळेत शिपाई. पुण्यात धर्मशास्त्र शिकला आणि नंतर दहा महिन्यांच्या क्षेत्रकार्यासाठी मुंबईला आला. भायखळ्याला मिशनच्या जुन्या आवारात एक खोली मिळाली, तिच्यात छताचा पंखा आणि बाकी सगळे ढेकूण. मी स्वतः वैद्यकीय समाजसेविका म्हणून निवृत्त झाले. माझं काम इतकंच, की दर शनिवारी त्याची वही वाचायची, चहा पाजायचा आणि जिथे गाडी रुळावरून घसरते आहे असं वाटेल तिथे बोलायचं.

‘मिशनरी’ म्हटलं की अजूनही आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर गोरा साहेब उभा राहतो. त्याला कारणही आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनचे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. हॉल १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना कॉलऱ्यानं गेले. दोनशे वर्षांनंतरचा आमचा मिशनरी पावसाळी चपला घालतो, नगरी मराठी बोलतो, आणि त्याच्या रेक्झिनच्या पिशवीत पवित्र शास्त्राच्या जोडीला झेरॉक्सचा गठ्ठा असतो. तो गठ्ठा महत्त्वाचा आहे, पुढे येईलच.

फुटपाथ

टाटा रुग्णालय १९४१ चं. तेव्हापासून देशभरातून कर्करोगाचे रुग्ण परळला येतात, आणि रुग्ण आला की त्याच्यामागे दोन-तीन माणसं येतात. वॉर्डात सोबतीला एकच चालतं. बाकीचे धर्मशाळेत नंबर लागेपर्यंत बाहेर. निळ्या ताडपत्रीखाली स्टोव्ह, घडी घातलेल्या गोधड्या, प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेली फाइल. सामान भिजलं तरी चालेल पण फाइल भिजता कामा नये, हे तिथे लहान पोरालाही कळतं.

पहिल्या महिन्यातल्या त्याच्या वहीत प्रवचनांचे मुद्दे आहेत. दुसऱ्या महिन्यापासून ती वही बदलत जाते. एका पानावर तापाला काय म्हणतात याची यादी आहे: ताप, ताव, बुखार, जॉर. शेवटचा बंगाली. दुसऱ्या पानावर शिधापत्रिकेचे रंग आणि कुठल्या योजनेला कुठला कागद लागतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना आपल्या राज्यातल्या रुग्णांना, बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या राज्याच्या योजना किंवा पंतप्रधान निधी. तो झेरॉक्सचा गठ्ठा यासाठी. तीन महिन्यांत पोरगा ‘फॉर्मवाला’ म्हणून ओळखला जायला लागला. उत्तर प्रदेशातल्या एका मुलीच्या अब्बांनी त्याला सरळ विचारलं, “बेटा, आप किस चीज़ के मौलवी हो? फॉर्म के?” हे त्यानं वहीत लिहून खाली रेघ मारली आहे. रेघ लाजेची होती की अभिमानाची, हे मी विचारलं नाही.

चुका त्यानं भरपूर केल्या. रोजे चालू असताना त्याच अब्बांपुढे चहाचा ग्लास धरला. किमो चालू असलेल्या पोराच्या डोक्यावर हात न धुता हात ठेवला आणि सिस्टरची बोलणी खाल्ली. केळी वाटायला येणाऱ्या मंडळींच्या मागोमाग आपणही कापलेली फळं घेऊन गेला. तेव्हा एका बंगाली बाईनं त्याला समजावलं, की पांढऱ्या पेशी खाली आल्या की कापलेलं फळ चालत नाही, शिजवलेलंच द्यायचं. (वाटणाऱ्यांचं काय करावं हा त्या फुटपाथवरचा स्वतंत्र विषय आहे. मंगळवारी दुपारी तिथे चार ठिकाणची खिचडी येते आणि गुरुवारी रात्री एकही नाही.)

मिझोरामच्या एका कुटुंबाची गंमत सांगायलाच हवी. मिझो लोक बहुतेक ख्रिस्ती, रविवार कडक पाळणारे. आमच्या पोराला वाटलं, चला, ही आपली माणसं. पण त्यांना हिंदी जेमतेम, याला मिझो शून्य. त्यानं त्यांना भायखळ्याच्या मराठी उपासनेला नेलं. पहिलं गीत जुन्या इंग्रजी चालीवरचं निघालं. सगळी मंडळी मराठीत गात होती आणि मागच्या बाकावर ही चौघं तेच गीत मिझोत, चार स्वरांत. लोक वळून बघायला लागले. मग पेटी-तबला आला, टाळ आले, अभंगाच्या चालीवर भजन सुरू झालं आणि त्या मिझो बापाचा चेहरा असा झाला, की आपण चुकून भलत्याच ठिकाणी आलो. बाहेर पडताना मात्र तो ‘का लोम ए’ म्हणाला. म्हणजे आभारी आहे.

आजी

आता मुख्य प्रकरण. मराठवाड्यातली साठीच्या आसपासची आजी, तिची सून आणि सात वर्षांचा नातू. नातवाला रक्ताचा कर्करोग. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा जो प्रकार, तोच. त्याचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि पहिले सहा-आठ महिने फार कठीण जातात. मुलाचा बाप ऊसतोडीला जाणारा. हंगाम संपल्यावर येऊन गेला, पण उचल फिटली नव्हती म्हणून परत वीटभट्टीवर गेला. सून पोराजवळ वॉर्डात, आजी बाहेर.

ओळख फॉर्मवरूनच झाली. शिधापत्रिकेवर नातवाचं नाव चढलेलं नव्हतं. त्यानं तहसीलला फोन लावून, गावातल्या ग्रामसेवकाच्या मागे लागून ते काम तीन आठवड्यांत करून घेतलं. तेव्हापासून आजी त्याला ‘लेकरा’ म्हणायला लागल्या आणि स्टोव्हवर चहा ठेवला की त्याचा एक कप ठरलेला.

मे महिन्यात आजींनी विचारलं, “लेकरा, तुमी मूळचे कोण रे?”

हा प्रश्न कधीतरी येणार हे त्याला माहीत होतं. नगरकडचे आम्ही ख्रिस्ती बहुतेक कुठल्या वस्तीतून आलो, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. तिसरी पिढी झाली तरी प्रश्न तिथेच उभा असतो. फुटपाथवर सगळे एका भांड्यातलं खातात, पण ती फुटपाथची सोय असते, गावाची नसते. त्याच्या वहीत त्या दिवशीच्या चारच ओळी आहेत. “आजीनं विचारलं. खरं सांगितलं. आजी गप्प. मग म्हणाल्या, चहा गार होतोय, पी.”

मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात धीराचा क्षण तोच. त्याला तसं वाटत नाही.

आजींची देवाधर्माची शिस्त मोठी होती. मंगळवारी प्रभादेवीला सिद्धिविनायक, परळहून चालत. बुधवारी माहीमचं चर्च, तिथल्या नोव्हेनाला, म्हणजे बुधवारच्या खास प्रार्थनेला, फुटपाथवरच्या बायका घोळक्यानं जायच्या. आणि माहीमला गेलंच आहे तर मखदूम बाबांच्या दर्ग्यावरही डोकं टेकायचं. माहीमच्या चर्चबाहेर मेणाच्या वस्तू मिळतात. हात दुखत असेल तर मेणाचा हात, पाय दुखत असेल तर पाय, घर व्हावं म्हणून घर. आजींनी दुकानदाराला रक्त मागितलं. दुकानदार म्हणाला, मावशी, रक्ताचं मेण कसं करणार? आजी ऐकेनात. “सगळं दुखणं रगतातच हाय, मग हात-पाय वाहून काय करू?” शेवटी त्यानं बोटभर उंचीचं मेणाचं पूर्ण मूल दिलं. हे आजींनीच आमच्या पोराला हसत हसत सांगितलं. तो पडला प्रोटेस्टंट. मरियेपुढे मेण वाहणं त्याच्या शिकवणुकीत बसत नाही. तरी तो काही बोलला नाही, आणि नंतर दोन दिवस, आपण बोललो का नाही, याचा विचार करत बसला.

ती रात्र

जुलैत नातवाला ताप आला. किमोत पेशी खाली गेलेल्या असताना ताप येणं म्हणजे धावपळ. लगेच भरती करून घेतलं. प्लेटलेटही फार खाली आल्या. दोन दिवस सून खाली उतरली नाही. आजींना वर जाता येईना. तिसऱ्या रात्री पावसात त्या ताडपत्रीखाली बसल्या होत्या. हा गेला तशी त्यांनी त्याचं मनगट धरलं.

“मला अन् मह्या नातवाला तुमच्यात घ्या. पाणी टाकायचं असतंय ना डोक्यावर? उद्याच टाका. पण सुनेला सांगू नगं.”

तो म्हणाला, “आजी, बाप्तिस्म्यानं ताप उतरत नाही.”

“मग तुझा देव काय कामाचा रे?”

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं मला फोन केला.

मी फोनवर एवढंच म्हणाले, की आज काहीच करू नकोस, तिच्याजवळ बसून राहा. ते त्यानं केलं. दुसऱ्या दिवशी मात्र मला न विचारता त्यानं दुपारी सुनेला गेटजवळ गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. आजींनी सांगू नको म्हटलेलं असताना.

सून कोसळेल किंवा भांडेल, असं त्याला वाटलं होतं. ती दमलेल्या आवाजात म्हणाली, “मला काय नवीन नाही ते, भाऊ. सैलानीबाबाला कबूल केलंय, जेजुरीच्या खंडोबाला केलंय, माहीमच्या आईला केलंय. आता तुमचा नंबर. पोरगं बरं झाल्यावर कुणाकुणाचं देणं कसं फेडायचं, तेच मला कळंना.” नवऱ्याची उचल ज्या आवाजात सांगितली असती त्याच आवाजात. मग थांबून म्हणाली, “पण पोराच्या डोक्यावर कुणी काही टाकायचं नाही. त्याचा बाप आहे अजून.”

संध्याकाळपर्यंत आजींना कळलंच. आठ दिवस चहा बंद.

त्याच आठवड्यात आणखी एक प्रकार घडला. अब्बांच्या मुलीसाठी तो डोळे मिटून प्रार्थना करत असताना आसपासच्या एका तरुणानं मोबाइलवर चित्रण केलं आणि इथे धर्म बदलायचं काम चालतं का, असं दरडावून विचारलं. घोळका जमला. आजी त्याच्याशी बोलत नव्हत्या, तरी उठल्या. “त्याला कामून धरलं? त्यो आमचे कागद लावतो. तू लावतो का?” घोळका पांगला. आजी परत आपल्या जागी जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसल्या.

माझं मत आणि त्याला असलेला विरोध

आजींना नाही म्हटलं ते बरोबर केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्याच एका निवृत्त पाळकसाहेबांना मात्र ते पटलं नाही. त्यांनी बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला दाखला दिला. रथातून जाणाऱ्या कूशी, म्हणजे इथिओपियाच्या, अधिकाऱ्याला वाटेत पाणी दिसलं, त्यानं मागितलं आणि सोबतच्या फिलिप्प या प्रचारकानं तिथेच बाप्तिस्मा दिला. मागणाऱ्याला अडवणारे आपण कोण? दाखला मोठा आहे. पण त्या रथात बसलेला माणूस शास्त्र वाचत होता, त्याचं पोरगं तापानं फणफणत नव्हतं. आजी विश्वास मागत नव्हत्या, सौदा करत होत्या. घाबरलेल्या माणसाशी सौदा करणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. कायद्याचं म्हणाल, तर १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंच आहे, की घटनेच्या कलम २५ मध्ये धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

सुनेला सांगितलं त्याबद्दल मात्र शनिवारी मी त्याला फैलावर घेतलं. रुग्णालयात तीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट हाडात मुरते: कुणी विश्वासानं सांगितलेलं बाहेर जात नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, आजींचं आजींनी ठरवलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पोरगं आईचं आहे.” मी तेव्हा मान्य केलं नाही. रात्री पडल्या पडल्या मला टिळकांचं घर आठवलं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो वर्षानुवर्षं विचार करून, आणि स्वतःपुरता. तरी त्या एका दिवसानं घर मधोमध फाटलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना काही वर्षं वेगळं राहावं लागलं. आपल्याकडे डोक्यावर पाणी एकाच्या पडतं आणि भिजतं सगळं घर. मग सात वर्षांच्या मुलाचं आईपासून लपवून कसं करायचं? तरीही मला वाटतं, त्यानं आधी आजींकडे जाऊन ‘मी सुनेला सांगणार आहे’ एवढं म्हणायला हवं होतं. यावर आमचं अजून एकमत नाही.

‘बाप्तिस्म्यानं ताप उतरत नाही’ हे वाक्यही मला खटकलं. खरं आहे, पण परीक्षेच्या पेपरातलं आहे. पावसात बसलेल्या बाईला ते दुसऱ्या दिवशीही सांगता आलं असतं.

आणि एक तक्रार माझी. ज्यांनी त्याला पाठवलं त्यांच्या मासिक अहवालात एक रकाना असतो, ‘निर्णय घेतलेल्या व्यक्तींची संख्या’, म्हणजे किती जणांनी ख्रिस्ती व्हायचं ठरवलं. सात महिने त्यानं तो कोरा ठेवला आणि त्याबद्दल त्याला वरून फोन आले. जुलैच्या त्या रात्री तो रकाना त्याच्या डोक्यात होता, असं त्यानं मला नंतर कबूल केलं. तेवीस वर्षांच्या पोराला रात्री साडेदहाला असा आकडा आठवत असेल, तर दोष पोराचा धरू नये.

पुढे

नातवाला प्लेटलेटची गरज होतीच. परगावच्या माणसांकडे रक्तदाते कुठून असणार? प्लेटलेट फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. साधारण २२ अंशांना सारख्या हलत्या ट्रेवर ठेवतात आणि पाच दिवसांत वापराव्या लागतात, त्यामुळे दाते सतत लागतात. आमचा पोरगा स्वतः गेला, मंडळीतल्या तरुणांना नेलं, त्या मिझो कुटुंबातला थोरला मुलगाही आला. दीड तास सुई हातात. एका बाजूनं रक्त जातं, यंत्र प्लेटलेट काढून घेतं आणि उरलेलं परत शरीरात येतं. ओठांना मुंग्या येतात. त्यानं हे सगळं वहीत असं लिहिलंय जसं काही अंतराळात जाऊन आला.

आजींना कुणीतरी सांगितलं. नवव्या दिवशी चहाचा कप परत आला. वर आजींनी सगळ्या फुटपाथला जाहीर केलं, “त्याचं रगत मह्या नातवात गेलं. आता त्यो आमच्यात आला.” त्यानं समजवायचा पुष्कळ प्रयत्न केला, की आजी, तसं नसतं, रक्तपेढीतून ज्याला लागेल त्याला देतात, माझं कुणाला गेलं ते मलाही माहीत नाही. आजींनी ऐकलं नाही. सुनेला म्हणाल्या, “ह्याचं लगीन ठरलं की सांगायला सांग. आहेर आपला.”

ताप उतरला. पेशी वर आल्या. ऑगस्टअखेर पुढचा, गोळ्यांचा टप्पा सुरू झाला. तो आणखी दीड-दोन वर्षं चालेल आणि ठरलेल्या तारखांना परळला यावं लागेल, पण मधल्या काळात गावी राहता येतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी आजींनी पदराच्या गाठीतून पन्नासची नोट आणि कागदात गुंडाळलेलं मेणाचं मूल काढलं. सप्टेंबरात ८ तारखेनंतर वांद्र्याला मोतमाऊलीची जत्रा भरते, तिथे वाहायचं कबूल केलं होतं, आणि आता तोपर्यंत थांबता येत नव्हतं. पन्नास रुपये मेणबत्त्यांचे.

“तू जाशील ना, लेकरा? तू घरचाच.”

जत्रेच्या पहिल्या रविवारी दुपारी त्याचा फोन आला. वांद्रे स्टेशनच्या बाहेर उभा होता. उन्हानं मूल मऊ पडायला लागलं होतं, म्हणून ते पाण्याच्या बाटलीला टेकवून धरलं होतं म्हणे.

“बाई, मी प्रोटेस्टंट आहे. जाऊ का?”

मी म्हणाले, “रांग मोठी असेल. बसनं जा, टेकडी चढताना ते सावलीच्या बाजूला धर.”